यादीतलं पाचवं नाव

मी एक झेरॉक्स बोलतोय. झेरॉक्स म्हणजे ते मशीन नव्हे. त्या मशीनमधून निघालेलं, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेलं, दोनशे बारा पानांचं मॅन्युअल. माझं मूळ पुस्तक परदेशातून आलं होतं, गुळगुळीत कागदाचं. ते मी एकदाच पाहिलं, तेही पालथं. काचेवर ते पालथं पडायचं, हिरवा उजेड सरकायचा आणि पलीकडून माझं एकेक पान गरम गरम बाहेर यायचं. १९८६ सालच्या एका दुपारी, अंधेरी पूर्वेच्या एका दुकानात माझा असा जन्म झाला. सत्तेचाळिसाव्या पानावर दुकानदाराच्या अंगठ्याची सावली उमटली आहे. मूळ पुस्तकात ती नाही. तेवढं एकच माझं स्वतःचं.

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव हेवेखोर. जन्मल्या जन्मल्या मला त्या गुळगुळीत पुस्तकाचा हेवा वाटला. पुढे ज्याचा वाटला, ती गोष्ट सांगण्यासाठीच आज तोंड उघडलंय.

माझ्यात एका डेटाबेसची माहिती आहे. डेटाबेस म्हणजे नावं, पत्ते, नोंदी नीट ठेवायची आणि हव्या तेव्हा काढायची सोय. पण हा डेटाबेस आपणहून चालणाऱ्यातला नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं तो आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसवायचा. प्रोग्रॅम चालू झाला की तोही चालू, प्रोग्रॅम बंद की तोही बंद. हे एवढंसं सांगायला मी इंग्रजीत अकरा पानं घेतली आहेत.

माझा मालक चंद्रप्रकाश. सत्तावीस वर्षांचा, बोरिवलीला राहणारा, मूळचा कणकवलीकडचा. त्याचे वडील दत्ताराम गिरणीत होते. संपानंतर गिरणीचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही आणि ते एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो हे ते ओळखीपाळखीत आवाज चढवून सांगत. मी घरी आलो तेव्हा त्यांनी मला खाकी कागदाचं कव्हर घातलं, कडा नखानं दाबून बसवल्या आणि म्हणाले, ‘‘ह्येका नीट सांभाळ हां.’’

चंद्रप्रकाशनं मला सांभाळलंच. डिक्शनरी शेजारी घेऊन सहा महिने मला वाचलं. कुणी शिकवणारं नव्हतं. एकेका वाक्यावर तो पेन्सिल टेकवून बसायचा, आणि अर्थ लागला की नाकातून हळूच हसायचा. माझ्या आयुष्यातला तो सुखाचा काळ.

त्याची कंपनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्यात होती. पुढे दोन टेबलं, मागे काचेची एसी केबिन आणि केबिनमध्ये पीसी. चपला बाहेर काढून आत जायचं. मी चंद्रप्रकाशच्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. कुणी शंका घेऊन आलं की तो चावी काढी, मला उघडी, समोरच्याला पान दिसणार नाही असा धरून वाची, पुन्हा कुलूप लावी आणि मग उत्तर देई. उत्तर अर्धंच देई. त्याला वाटे, सगळं सांगून टाकलं तर आपल्याकडे उरलं काय? मला तर तो थाट फारच आवडायचा.

सत्याऐंशीच्या जानेवारीत प्रेमा आली. घाटकोपरची, बावीस वर्षांची, टायपिंगचा हात जलद. तिला एक खास काम दिलं होतं. मुलुंडला रक्तदात्यांचं एक मंडळ होतं. त्या मंडळानं धावपळ करून रक्त मिळवलं म्हणून आमच्या साहेबांचे, म्हणजे कंपनीच्या मालकांचे, वडील एकदा वाचले होते. तेव्हापासून मंडळाची यादी साहेब आपल्या कॉम्प्युटरवर सांभाळत. सहा हजार नावं. नाव, पत्ता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी दिलं. चंद्रप्रकाशनं प्रोग्रॅम लिहिला होता आणि माझ्यातला डेटाबेस त्याच्या पोटात बसवला होता. प्रेमानं फॉर्म बघून नावं भरायची.

पण ही मुलगी नुसती भरेना. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, ‘‘सर, हा डेटाबेस सुरू कुठून करायचा?’’ मग विचारलं, नावं नक्की राहतात कुठे, पडद्यात की खालच्या डब्यात. मग, लाईट गेली तर काय. मग, दोघांनी एकदम एकच नाव बदललं तर कुणाचं खरं. मग, पुसलेलं नाव खरोखर पुसलं जातं का. चंद्रप्रकाश हसायचा. एकदा म्हणाला, ‘‘हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे.’’ मॅन्युअल कुठे आहे ते त्यानं सांगितलं नाही. मी आत, काळोखात, खूश.

प्रेमानं मग एक वही केली. शंभर पानी, कव्हरवर मोर. जे अर्धं उत्तर मिळे ते ती मशीनवर करून बघे, चुके, पुन्हा करी, आणि कळलं की मराठीत लिहून ठेवी. एका पानावर वर प्रश्न, खाली उत्तर. ‘डेटाबेस सुरू कुठून करायचा? – कुठूनच नाही. तो आपल्या प्रोग्रॅमच्या आतच आहे. डब्यात चपाती असते तसा. डबा उघडला की झालं.’ ‘लाईट गेली तर? – फाईल बंद करेपर्यंत शेवटची नावं वाऱ्यावर असतात. दर वीस नावांनी बंद करून पुन्हा उघडणे.’

माझी अकरा पानं आणि तिचा तो चपातीचा डबा! वही ड्रॉवरच्या वरच टेबलावर पडलेली असे. येणारे जाणारे तीच चाळत. दुसऱ्या कंपन्यांचे कारकून यायचे ते चंद्रप्रकाशला विचारायचं सोडून वहीतून उतरवून घ्यायचे. मला वाटायचं, हे सगळं माझंच आहे, माझ्याच पोटातून झिरपून तिथे गेलंय, आणि नाव होतंय त्या मोराचं. मी जळत होतो. आणि कुलपाच्या बाहेर चंद्रप्रकाशही जळत होता, हे त्याच्या चावी फिरवण्यावरून मला कळायचं.

जुलैत एकदा साहेब टेबलापाशी उभ्या उभ्या ती वही वाचायला लागले. वाचता वाचता बसले. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, ‘‘चंद्रप्रकाश, हे असं तू का नाही लिहिलंस रे?’’

बोलले ते सहज, पण चंद्रप्रकाशला ते लागलं. संध्याकाळी मला बॅगेत घालून घरी नेलं. जेवणं झाल्यावर उघडलं, पण वाचलं नाही. दत्ताराम म्हणाले, आज काय झालं? तो म्हणाला, काही नाही. गिरणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला मुलाचा चेहरा वाचता येत होता, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये प्रेमानं स्वतःचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. चंद्रप्रकाशच्या प्रोग्रॅममध्ये नवीन नाव घालता यायचं, जुनं दुरुस्त करायचं तर फार खटपट होई. मंडळाकडून तर रोज दुरुस्तीच्या चिठ्ठ्या येत. कुणाचं घर बदललं, कुणाचा फोन. तिनं दुरुस्तीचाच छोटा प्रोग्रॅम केला. चालला. कागदावर छापून तिनं तो चंद्रप्रकाशपुढे ठेवला आणि म्हणाली, ‘‘सर, एकदा बघाल? काही राहिलंय का?’’

त्यानं पाहिलं. एक गोष्ट राहिली होती.

आमच्या डेटाबेसात दोन फायली असतात. एकीत नोंदी. दुसरी इंडेक्स, म्हणजे कुठल्या रक्तगटाची नोंद कुठे आहे त्याची यादी. शोधताना प्रोग्रॅम सगळ्या सहा हजार नोंदी उलगडत बसत नाही, इंडेक्समध्ये बघतो आणि थेट तिथे जातो. म्हणून नोंद बदलताना इंडेक्सही उघडी हवी, नाहीतर नोंद बदलते आणि इंडेक्सला पत्ताच नसतो. माझ्या एकशे एकतिसाव्या पानावर हे लिहिलंय. प्रेमानं इंडेक्स उघडली नव्हती. एक ओळ घालायची होती फक्त.

चंद्रप्रकाशचा अंगठा त्या जागी कागदावर थांबला. मी उघड्या ड्रॉवरमधून बघत होतो. मग तो म्हणाला, ‘‘चालतोय ना? मग झालं.’’

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला वाटलं असणार, चार दिवसांत काहीतरी अडेल, ती येईल, विचारील, मग आपण चावी काढू. आणि मी? वहीत ते उत्तर नाही, माझ्यात आहे, या आनंदात मी दोन महिने होतो. हे कबूल करायला आज लाज वाटते.

चार दिवसांत काही अडलं नाही. पत्ते आणि फोन बदलले तरी बिघडत नव्हतं, कारण इंडेक्स रक्तगटाची होती, आणि माणसाचा रक्तगट थोडाच बदलतो? चंद्रप्रकाश ते विसरूनही गेला.

ऑक्टोबरात एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला मंडळाचे दशरथभाऊ धापा टाकत गाळ्यात आले. रिटायर्ड माणूस, सदा हातात कापडी पिशवी. मंडळाचा फोन बंद पडला होता म्हणून मुलुंडहून स्वतः आले होते. भांडुपची सुगंधा नावाची एक बाळंतीण हॉस्पिटलात होती. रक्तस्राव थांबत नव्हता. आणि तिचा गट निघाला होता बॉम्बे. आपल्याच शहराचं नाव असलेला हा गट फार दुर्मीळ, आणि त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, ओ गटाचंसुद्धा नाही. साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच दिसतो, नीट पाहिलं तरच कळतं.

प्रेमानं शोध घेतला. प्रिंटर चार ओळी छापून थांबला. चार नावं.

दशरथभाऊंनी तिथूनच फोन फिरवायला घेतले. एक जण तीन आठवड्यांपूर्वीच रक्त देऊन बसला होता. एक गावाला, कुडाळला. एकानं घर सोडलेलं. चौथा डोंबिवलीचा, तो लगेच निघाला. पण डॉक्टरांनी निदान दोन बाटल्या सांगितल्या होत्या.

दशरथभाऊ म्हणाले, ‘‘पाच होते. मी मोजलेत. एक समुद्राकडचा होता, कोळी. आधी ओ लिहिला होता, मग रिपोर्ट उशिरा आला. दुरुस्तीची चिठ्ठी मीच आणून दिली होती.’’ नाव मात्र त्यांना आठवेना.

प्रेमा म्हणाली, ती चिठ्ठी तिनं भरली होती, तिला नक्की आठवतंय. तिनं पुन्हा शोध घेतला. पुन्हा चारच.

चंद्रप्रकाश दारात उभा होता. तो म्हणाला, ‘‘जे भरलं असेल तेच कॉम्प्युटर दाखवतो.’’

हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि बहुतेक त्याच क्षणी त्याला एकशे एकतिसावं पान आठवलं. मी ड्रॉवरमध्ये होतो, मला तोंड दिसलं नाही. प्रेमाचा आवाज ऐकू येत होता. ती दशरथभाऊंना सांगत होती की चूक तिचीच असणार, घाईत तिनं दुसऱ्याच कुणाच्या नावावर रक्तगट बदलला असणार. मग फॉर्मच्या गठ्ठ्यांची दोरी सोडल्याचा आवाज आला. सहा हजार फॉर्म. ती एकेक बघायला बसली होती.

चावी फिरली. चंद्रप्रकाशनं मला बाहेर काढलं, आणि पहिल्यांदाच कुणापासून न लपवता मला केबिनमधल्या टेबलावर उघडं ठेवलं. इंडेक्स नव्यानं कशी बांधायची ते त्याला पाठ होतं, तरी माझ्यात बघून त्यानं एकेक अक्षर टाईप केलं. मशीन घरघरायला लागलं. त्या वेळच्या मशीनला एवढ्या नोंदींसाठी वीस मिनिटं लागत.

‘‘प्रेमा, ते फॉर्म राहू दे,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्या प्रोग्रॅममध्ये इंडेक्स उघडलेली नाही. नोंद बरोबर आहे. शोधात येत नाही एवढंच.’’

ती उठून आत आली. त्यानं पुढचं तिच्याकडे न बघता सांगितलं. ‘‘मला माहीत होतं. तू दाखवलास तेव्हाच दिसलं होतं. मी बोललो नाही.’’

दशरथभाऊंना इंडेक्स कळली नसेल, पण बाकीचं कळलं. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. प्रेमानं एवढंच विचारलं, ‘‘किती वेळ लागेल?’’

‘‘वीस मिनिटं.’’

ती वीस मिनिटं तिघंही उभीच होती. मग शोध घेतला. पाच ओळी. पाचवी: धर्मा कोळी, भाटी गाव, मढ. नोंदीत त्याचा गट बॉम्बेच होता. इंडेक्स मात्र त्याला दोन महिने ओच्या रांगेत उभा करून ठेवत होती. फोन नव्हता.

चंद्रप्रकाशनं बॅग उचलली. मला त्यात सवयीनं टाकलं की आधारासाठी, मला ठाऊक नाही. रिक्षानं वेसावे, तिथून होडीनं पलीकडे मढ. भाटीत विचारत विचारत तो पोचला तेव्हा धर्मा होडीवर बर्फ चढवत होता. भरतीला निघायचं होतं. उघडा, काळा, पन्नाशीचा माणूस. चंद्रप्रकाशनं सगळं एका दमात सांगितलं. धर्मानं बर्फाची पाटी खाली ठेवली आणि दुसऱ्या माणसाला हाक मारून सांगितलं की होडी आज त्यानं न्यावी. बायको सरूबाई वाळत घातलेल्या बोंबलांपाशी होती. ती काही आडवी आली नाही. ‘‘आधी दोन घास खा, मंग जा,’’ म्हणाली, आणि उभ्या उभ्या त्याला खायला लावलं.

परतीच्या होडीत धर्मा त्याच्यासमोर बसला. मग त्यानं विचारलं, ‘‘माझं नाव तुमच्याकडं व्हतं ना?’’

‘‘होतं.’’

‘‘मंग इतका उशीर का?’’

बॅगेत मी चंद्रप्रकाशच्या मांडीवर होतो. त्याला सांगता आलं असतं की मशीनचा घोटाळा. धर्मानं विश्वास ठेवला असता. ‘‘माझ्यामुळे,’’ चंद्रप्रकाश म्हणाला. ‘‘एक गोष्ट मला ठाऊक होती. मी ती जळफळाटानं सांगितली नाही.’’

धर्मानं पाण्याकडे बघितलं. ‘‘आमच्यात खडक कुठं हाय ते ठाऊक असून दुसऱ्याला न सांगणारा एका होडीचा तांडेल व्हता,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्याशी कुनी बोलत नाय.’’ एवढंच.

पावणेतीनला धर्माची बाटली भरली. डोंबिवलीवाल्याची आधीच चढली होती. तीन दिवस सुगंधाचं काही खरं नव्हतं. चौथ्या दिवशी दशरथभाऊंचा फोन आला की तिनं पेज मागितली.

चंद्रप्रकाशनं साहेबांना स्वतःच सांगितलं. साहेबांनी त्याला काढलं नाही. मंडळाचं सगळं काम मात्र प्रेमाकडे दिलं, आणि ड्रॉवरची चावी मागून घेतली. मी टेबलावर आलो. प्रेमा महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. मग एक दिवस तिनं एक प्रश्न विचारला, दोन मशीनवरून एकच फाईल उघडण्याबद्दल. चंद्रप्रकाशनं खुर्ची ओढली आणि पाऊण तास सांगितलं, मला हातही न लावता. तिनं वहीत लिहून घेतलं. त्या पानाखाली तिनं त्याचं नाव घातलं.

मला पुन्हा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं, तो एकदा तरी मला उघडील.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये मुलुंडच्या एका कॉम्प्युटर क्लासात त्याला शिकवायची नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तो टेबल आवरत होता. मला उचललं, खाकी कव्हरवरून हात फिरवला. कव्हराच्या कडा वडिलांच्या नखानं दाबलेल्या होत्या तशाच होत्या. मला वाटलं, चला, आता बॅगेत. तर त्यानं मला प्रेमाच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाला, ‘‘हे इथे लागेल.’’ मग तिच्याकडे वहीची झेरॉक्स मागितली. तिनं ती आधीच काढून ठेवली होती. ती घेऊन तो गेला. माझ्यासारखीच झेरॉक्स, पण तिच्यावर मोर होता.

त्यानंतर डेटाबेसची नवी आवृत्ती आली, तिच्याबरोबर छापील, रंगीत कव्हराचं मॅन्युअल आलं. मी आता प्रिंटरच्या डाव्या पायाखाली असतो. टेबल त्या बाजूला उतरतं आहे. तक्रार नाही. रागावलेला मात्र अजून आहे, मोरावर, रंगीत कव्हरावर, सगळ्यांवर. स्वभाव जात नाही.

तरी एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणी अगदी बावळट वाटणारा प्रश्न घेऊन आलं, तर ‘पुस्तकात आहे’ म्हणून त्याला परत पाठवू नका. पुस्तकात असतंच हो. पण पुस्तकाला उठून त्याच्यामागे जाता येत नाही. मला त्या दोन महिन्यांत एकदाही जाता आलं नाही, आणि खरं म्हणजे जायचंही नव्हतं.

मंडळाची यादी अजून इथेच छापली जाते. दशरथभाऊंचा फोन आला की प्रेमा शोध घेते आणि माझ्या डोक्यावर प्रिंटर करकरू लागतो. नावं मला दिसत नाहीत. यादी लांब आहे की आखूड, एवढं मात्र थरथरण्यावरून कळतं.